त्या वर्षी गाव गप्प का राहिलं

सोमाजीकाका,

तुमच्या शोकसभेत बाहेरून आलेल्या एका पाहुण्यांनी तुम्हाला 'हिंसक विचारांशी झुंजलेला योद्धा' म्हटलं. तुम्ही असता तर तंबाखू थुंकायचं निमित्त काढून बाहेर गेला असता आणि समाजमंदिराच्या भिंतीला टेकून पोट धरून हसला असता. योद्धा! भांडण सुरू झालं की तुम्हाला हमखास बैलाला पाणी दाखवायचं आठवायचं. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, म्हणून मी तोंडाला पदर लावून बसले. शेजारच्या बायांना वाटलं, मास्तरीणबाईंना फार लागलं. लागलं आहेच. पण त्या घडीला मी हसत होते, हे तुम्हाला तरी खरं सांगायला हवं.

भांडायचात ते फक्त माझ्याशी. आणि त्यातलं एक भांडण अर्धवट टाकून गेलात. त्याचा शेवट मला आत्ता, तुमच्या मागं कळला, आणि तो ऐकायला तुम्ही जागेवर नाही, याचा मला मनापासून राग आला आहे. म्हणून हे लिहिते आहे. गावाचं नाव लिहीत नाही, घाबरू नका. देवरीच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत, एवढंच.

आपली पहिली भेट आठवते? मी तुम्हाला 'दादा' म्हणाले होते. दवनीवाड्याच्या धानाच्या बांध्यांत वाढलेल्या बाईला वडीलधाऱ्या माणसाला दादा म्हणण्यात काय वावगं वाटणार? तुम्ही इकडंतिकडं पाहिलंत आणि हळूच म्हणालात, "दादा नोको म्हनू बाई. इकडं दादा म्हंजे आतले लोक. काका म्हन." आतले, म्हणजे जंगलातले, बंदुका घेऊन हिंडणारे. घरातल्या नात्याचा एक साधा शब्द त्यांनी उचलून नेला होता. तुमच्याहून फार तर दहाबारा वर्षांनी धाकटी असूनही मी त्या दिवशी तुमची पुतणी झाले.

मी तेव्हा देवरीच्या कॉलेजात नुकतीच समाजशास्त्र शिकवायला लागले होते. डोक्यात एकच प्रश्न होता. शाळेत जाणारी, घरात लाडाची पोरं एक दिवस उठून बंदूक धरायला का जातात? त्यांना कोणती गोष्ट सांगितली जाते, ती त्यांना खरी का वाटते, आणि बाकीच्यांनी तिला उत्तर तरी काय द्यायचं? हा प्रश्न घेऊन मी तुमच्या गावात घरोघर फिरले. घरोघर एकच उत्तर मिळालं, आमच्या गावात असं काही नाही. तुम्हीही तेच सांगितलंत आणि वर लाखोळीच्या घुगऱ्यांची वाटी पुढं केलीत. घुगऱ्या फार चांगल्या होत्या. उत्तर खोटं होतं, हे मला परतीची बस धरायला निघाले तेव्हा कळलं. तुम्ही मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला होतात. अर्ध्या वाटेत म्हणालात, "साऱ्या गावाले विचारून राहिली ना, कोन गेलं म्हनून? माझीच पोरगी गेली. रजनी." मी थांबले. तुम्ही थांबला नाहीत. चालता चालताच म्हणालात की हे लिहू नको, त्यापेक्षा मारबतीला ये. आम्ही कोणाला काही सांगत नाही, पण मारबतीला ओरडतो.

म्हणून मी मारबतीला आले. ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी लिहिते, तुम्ही तेवढ्यात तंबाखू मळून घ्या. पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी उजाडलं की त्या फांद्या घेऊन गाव शिवेवर निघतं. पुढं एक जण रोगराईची नावं घेतो आणि मागून सगळे ओरडतात, "घेऊन जा गे मारबत!" खोकला, ताप, डास, ढेकूण, धानावरचा तुडतुडा, जे जे म्हणून गावाला नको असेल ते मारबतीच्या हवाली करायचं, फांद्या शिवेपलीकडे फेकायच्या आणि मागं वळून न बघता घरी यायचं. तुमच्या गावची शीव म्हणजे तो नाला. नाल्यापलीकडे लगेच जंगलाची टेकडी सुरू होते. आणि पुढं होऊन हाक देण्याचा मान तुमच्या घरात होता, तुमच्या बापाकडून तुमच्याकडे आलेला.

पोळ्याच्या संध्याकाळी, बैलांना पुरणपोळी चारून झाल्यावर, तुम्ही मला सगळं सांगितलंत. काकू तोवर वारलेल्या होत्या, घरात तुम्ही एकटे. रजनी सतरा वर्षांची असताना गेली. वर्षभरानं तुमचा कुंपणाशेजारी देवाजी, त्याच्या धाकट्या भावाला, लक्ष्मणला, आतल्या लोकांनी मारलं. पोलिसांचा खबऱ्या म्हणून. त्याचं कर्म एवढंच, की पावसात अडकला असताना एका सरकारी जीपमध्ये बसून तो देवरीपर्यंत गेला होता. देवाजीनं तेव्हापासून तुमच्याशी बोलणं सोडलं. तुमची पोरगी आत, त्याचा भाऊ मेला, मग नाव कुठल्या घरातून गेलं असेल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तुमच्या घरातून ते गेलं नव्हतं. पण न केलेल्या गोष्टीचा पुरावा माणूस आणणार कुठून?

लक्ष्मण गेला त्या वर्षीच्या मारबतीला तुमचा संताप अनावर झाला. खोकला झाला, ताप झाला, तुडतुडा झाला, आणि तुम्ही छाती फाटेस्तोवर ओरडलात, "दादालोक!" आणि मागून आवाज आला नाही. एकही नाही. सगळं गाव फांद्या धरून उभं होतं आणि कुणी 'घेऊन जा' म्हटलं नाही. तुम्ही एकट्यानं आपली फांदी नाल्यापलीकडे भिरकावलीत आणि घरी आलात. पुढं कितीतरी दिवस अंगणात पाचोळा वाजला तरी तुम्हाला वाटायचं, आले.

त्या गप्प राहण्यावरूनच आपलं भांडण. तुम्ही म्हणायचात, गावानं मला एकटं पाडलं, जो तो आपमतलबी. देवाजीचं तर तुम्हाला विशेष लागलं होतं. ज्याचा भाऊ गेला तोसुद्धा गप्प उभा राहतो म्हणजे काय, असं तुम्ही हात हलवून हलवून विचारायचात. मी म्हणायचे, काका, हा मतलब नाही, ही भीती आहे. बंदुकीच्या धाकात माणसं अशीच गप्प होतात, त्यात त्यांचा दोष नाही. मी वर्गातही तेच शिकवलं, तुमच्या गावाचं नाव न घेता. दहशत समाजाचा आवाज कसा काढून घेते, त्याचं उदाहरण म्हणून. पोरं माना डोलवायची.

तुम्ही दादालोक म्हटलंत त्याच्या पुढच्या वर्षीची हकीकत सांगताना तुम्ही नेहमी हसायचात. कुठलीशी संस्था शहरातून आली. त्यांनी भला मोठा पुतळा बनवून आणला, हिरवे कपडे, खांद्यावर लाकडी बंदूक, गळ्यात पाटी. तो शिवेवर उभा केला आणि हिंदीत सांगितलं की आता सगळ्यांनी जोरात बोला. गावानं पुतळा निरखून पाहिला. एका म्हाताऱ्यानं त्याची बंदूक हलवून बघितली आणि लाकूड सागाचं आहे का विचारलं. चहा झाला, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. बोललं मात्र कुणी नाही. तो पुतळा कित्येक दिवस नाल्याकाठी उभा होता, शेवटी कुणीतरी त्याचे कपडे काढून बुजगावण्याला घातले.

तुम्ही या दोन्हींवर विचार करत बसलात. मी लायब्ररीत बसून जे शोधत होते ते तुम्ही बांधीत चिखल तुडवत शोधत होतात, आणि तुम्हालाही ते धड सापडत नव्हतं. मला तुमची तीच गोष्ट आवडायची. एखादा प्रश्न तुम्ही महिनोन् महिने तंबाखूसारखा गालात धरून ठेवायचात.

मी आले त्या वर्षी तुम्ही हाक बदललीत. मी बायांच्या मागं उभी होते. नेहमीची नावं झाली, आणि मग तुम्ही क्षणभर थांबून ओरडलात, "शक!" शक म्हणजे संशय. आधी शांतता. मग माझ्या पुढं उभी असलेली एक म्हातारी पुटपुटल्यासारखं म्हणाली, घेऊन जा गे. मग दोघीतिघी. मग पुरुषांतून आवाज आला. तुम्ही पुन्हा ओरडलात, आणि या वेळी सगळं गाव, "घेऊन जा गे मारबत!" देवाजीचं तोंड मिटलेलं होतं, मी त्याच्याकडंच बघत होते. पण फांदी त्यानं फेकली. मी परतताना वळून नाल्याकडं पाहिलं, तर तुम्ही खसकन् माझा दंड ओढलात आणि म्हणालात की शिकलेल्या बाईला एवढंही कळत नाही का, वळून पाहिलं की फेकलेलं मागं मागं येतं.

त्यावरही मी भांडले. म्हटलं, लक्ष्मणला शकानं नाही मारलं. माणसांनी मारलं. त्यांना हात आहेत, नावं आहेत. तुम्ही खुनाला रोग म्हणालात की खुनी मोकळे सुटतात. तुम्ही पुढं चालत राहिलात. विहिरीपाशी आल्यावर म्हणालात, "बंदूक जंगलातून आली, हे खरं. पन लक्षमन जीपमंदी बसला, हे जंगलाले कोनं सांगतलं? ते तं आपल्याच गावातल्या तोंडातून गेलं. ज्याच्या तोंडातून गेलं त्यालेबी मालूम नाई का आपून मानूस मारला."

काका, त्या बोलण्यानं मला किती वर्षं झोपू दिलं नाही. मी तोवर समजत होते की असल्या गोष्टी भाषणांतून पसरतात, पत्रकांतून, पोवाड्यांतून. मग मी नाल्यावर, धानाच्या रोवणीत, आठवडी बाजारात नुसती कान देऊन बसायला लागले. कुणी म्हणतं, अमका जीपमध्ये दिसला. दुसरी म्हणते, अगबाई, म्हणूनच त्याच्याकडं नवा मोबाईल. तिसऱ्याला आठवतं की तो परवा आपल्याला पाहून तोंड फिरवून गेला. कुणाच्या मनात वाईट नसतं. जो तो आपल्या पदरचं चिमूटभर घालतो, आणि संध्याकाळपर्यंत एक खबऱ्या तयार होतो. दुसऱ्या बाजूला हेच उलट्या तोंडानं व्हायचं. कुणाची पोरगी आत गेली की तिच्या मावसभावाच्या सासऱ्यापर्यंत सगळे 'त्यांचे' ठरायचे. खुन्यांना नावानिशी जाब विचारला पाहिजे, यावर मी आजही ठाम आहे आणि तुमचं मला पटलेलं नाही. पण कुठं बघायचं ते तुम्ही मला दाखवलंत.

पुढं रजनी परत आली. हत्यार ठेवलं, कागदपत्रं झाली, गोंदियात एक खोली घेऊन शिवणकाम करायला लागली. शहरात सगळा हिंदीचा कारभार, तिचं हिंदी आता माझ्याहून चांगलं आहे. कायद्यानं ती मोकळी होती, गावात यायला कुणाची आडकाठी नव्हती. आडकाठी तुमचीच. देवाजी 'ये' म्हणेल तेव्हाच ती येईल, त्याआधी नाही, असं तुम्ही ठरवून टाकलंत. मी संतापले. म्हटलं, लक्ष्मणच्या मरणात तिचा हात नाही, तिची तुकडी तेव्हा भलतीकडे होती, हे सगळ्यांसमोर आलेलं आहे. मग देवाजीच्या एका शब्दासाठी पोरीला का टांगून ठेवता? तुम्ही म्हणालात की दार उघडं असणं वेगळं आणि कुणी ये म्हणणं वेगळं. देवाजीनं तुमच्याशी मोजकं बोलायला सुरुवात केली होती. पाण्याची पाळी, बैलाचं दुखणं, एवढंच. रजनीचं नाव निघालं की तो उठायचा.

मग तुम्हीच बसनं गोंदियाला जायचात. पावसाळ्यात फडक्यात बांधून सात्या न्यायचात, ती जंगलातली अळंबी रजनीला लहानपणापासून आवडते म्हणून, आणि साऱ्या बसभर त्यांचा वास सुटायचा. एकदा मी सोबत होते. कंडक्टर नाक मुरडून म्हणाला, बाबा, ये क्या ले जा रहे? तुम्ही त्याला फडकं उघडून दाखवलंत आणि मूठभर देऊ केल्यात. त्यानं घेतल्याही.

मला मात्र माझा जुना प्रश्न सुटत नव्हता. मी रजनीला विचारलं, का गेली होतीस? ती म्हणाली, गाण्यांसाठी. बाहेरून येऊन घरच्या गोंडीत गाणी म्हणणारी, गोंडीत भाषण करणारी माणसं तिनं पहिल्यांदा पाहिली होती. तोवर जो कुणी मोठा माणूस गावात यायचा तो हिंदीत नाहीतर पुस्तकी मराठीत बोलायचा. मी हरखून गेले. मग कळलं, पोलिसांना तिनं सांगितलं होतं की जबरदस्तीनं नेलं. एका पत्रकाराला सांगितलं की जंगलखात्याच्या कर्मचाऱ्यानं बापाची कुऱ्हाड हिसकावली आणि चार लोकांत शिवी दिली, ते सहन झालं नाही. मी तुमच्याकडे तक्रार घेऊन आले. तुम्ही हसलात. म्हणालात, ज्याला जे पाहिजे ते ती देते. तू गेलीस की गाणी देते. मग खरं कोणतं, मी विचारलं. तुम्ही सांगितलंत की कुऱ्हाड खरीच नेली होती, गाणीही खरीच होती. मग खाली बघून म्हणालात, "मी तिचं लगन जमवत होतो. ते कोनंच लिहिलं नाई."

मला तेव्हा तुमच्या हातावर हात ठेवायचा होता. नाही ठेवला. तुम्ही लगेच मान वर करून मलाच चिमटा काढलात, "तू काऊन गेली, काऊन गेली, हेच विचारते. काऊन आली, हे कोनं विचारलं का?"

खरंच विचारलं नव्हतं, ना मी, ना माझ्या पुस्तकांनी. पुढच्या खेपेला मी गोंदियात रजनीच्या मशीनपाशी बसले आणि विचारलं. तिनं आधी धागा तोडला, मशीन थांबवलं. आणि तिनं जे सांगितलं ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही, कारण तिनं मला शपथ घातली होती. तुम्ही दोनतीनदा विचारलंत. मी सांगितलं, पाय दुखायला लागले म्हणून आली. तुम्हाला ते लगेच पटलं. म्हणालात, लहानपणापासून तिचे पाय नाजूकच.

आता शपथ सुटली आहे. रजनीनंच सोडली. तर ऐका.

लक्ष्मण गेला त्या वर्षी, मारबतीच्या सकाळी, तिची तुकडी नाल्यापलीकडच्या टेकडीवर मुक्कामाला होती. कुठून कुठं जाताना नेमकी तिथं. तिला आपल्या गावाची मारबत ऐकू आली. तुमचा आवाज ऐकू आला. खोकला, ताप, तुडतुडा. ती मनातल्या मनात सगळ्यांबरोबर 'घेऊन जा' म्हणत होती. आणि मग तुम्ही ओरडलात, दादालोक. गाव ज्या बाजूला ईडापीडा फेकतं त्या बाजूला ती बसलेली, आणि तिचा बाप तिला त्यात घालून फेकत होता. आता मागून गावाचा आवाज येईल, म्हणून तिनं कान झाकायला हात उचलले. "बाबानं हाक देली," ती मला म्हणाली, "आन गाव चुप राह्यलं."

आत तिला सांगितलेलं होतं की तुला आता गाव नाही, गावातले लोक विकले गेले, परत गेलीस तर तेच धरून देतील. ती गोष्ट तिला तोवर पटलेली होती. त्या सकाळनंतर पटेना. निघता यायला पुढं बराच काळ गेला, पण ती म्हणाली की ते गप्प राहणं कानात बसलं होतं. तुम्हाला सांगायचं नाही, म्हणाली, कारण बाबाला कळेल की त्याची हाक मी ऐकली, आणि तो खचेल.

मी प्राध्यापक बाई, माझ्या मनात लगेच शंका आली. मला गाणी पाहिजे होती तेव्हा तिनं गाणी दिली. आता मला परत येण्याचं कारण पाहिजे होतं. हेही तिनं माझ्यासाठीच शिवून दिलं नसेल कशावरून? शिवाय गाव गप्प राहिलं ते भीतीनं, हे मी शिकवत आले होते. भीतीनं गप्प बसलेल्यांना या पोरीनं उगाच माया समजून घेतलं असेल, असं मला वाटायचं. तुमच्याशी बोलता आलं असतं तर तुम्ही हा गुंता गालात धरून बसला असता. पण तुमच्याशीच बोलायचं नव्हतं.

मग तुम्ही गेलात. रोवणी आटोपून बांधावर टेकलात ते उठलाच नाहीत. तुमच्या मातीला मी रजनीला घेऊन आले. ती नाला ओलांडेना. बाबाचा शब्द आहे, म्हणाली. पलीकडूनच तिनं सगळं पाहिलं, आणि लोक पांगल्यावर नाल्यापलीकडच्याच मसणवटीत येऊन तुमच्यावर मूठभर माती लोटली. देवाजी तिथं मागं राहिला होता. तुमचं सगळं त्यानंच केलं, घराला कुलूपही त्यानंच लावलं. त्यानं तिला पाहिलं. 'ये' मात्र म्हटलं नाही.

आणि काल मारबत होती. हाक कोण देणार, हे कुणाला ठाऊक नव्हतं. रजनीला नुसतं ऐकायचं होतं, म्हणून ती नाल्यापलीकडे एका मोहाच्या झाडाखाली थांबली. मी अलीकडे, बायांत. लोक एकमेकांची तोंडं बघत राहिले. मग देवाजी पुढं झाला. त्याला तुमचा सूर नाही काका, घोगरा आवाज, मध्येच खोकला, तोही खोकल्याचंच नाव घेताना. पोरं हसली. ताप झाला, तुडतुडा झाला. मग तो थांबला आणि त्यानं शक म्हटलं. गावानं असं उत्तर दिलं की मोहावरचे पोपट उडाले. फांद्या पडल्या, लोक पाठ फिरवून निघाले.

मी देवाजीच्या बरोबरीनं चालू लागले. मला धीर धरवत नाही, तुम्हाला माहीतच आहे. मी विचारलं, भाऊ, सोमाजीकाकांनी दादालोक म्हटलं होतं त्या वर्षी गाव गप्प का राहिलं? त्यानं चालता चालताच सांगितलं, भेव होता. मी मनात म्हटलं, झालं, माझंच खरं. दहाएक पावलांनी तो पुन्हा बोलला.

"भेव तं होताच. पन रजनीबी त्याच्यातच होती ना बाई. गावची पोरगी कशी फेकून द्याव?"

तुम्हीसुद्धा, असं मी विचारलं. तुमचा तर भाऊ गेला होता. तो उभा राहिला.

"मी तोंड उघडलं होतं," देवाजी म्हणाला. "आवाजच नाई निंगाला."

मग त्यानं ते केलं जे तुम्ही मला कधी करू दिलं नाही. मारबत टाकून झाल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं. नाल्यापलीकडे रजनी उभी होती, पुढ्यात पळसाच्या फांद्यांचा ढीग. त्यानं हाक दिली ती तुमच्यासारखी मोठी नव्हती.

"चाल वो रजनी. किल्ली माझ्यापासी आहे."

ती आली. चपला हातात घेऊन, फांद्या ओलांडून, नाल्यातून. देवाजी पुढं, ती मागं, मी सगळ्यात मागं. तो तुमच्या दारापर्यंत गेला, कुलूप काढलं आणि आपल्या घरात निघून गेला. त्यानं तिला माफ केलं का, लक्ष्मणचं दुःख उतरलं का, हे मी विचारलं नाही. एवढी जीभ मलाही आवरता येते.

तर काका, तुम्ही चुकलात आणि मीही चुकले. आपमतलबही नव्हता आणि नुसती भीतीही नव्हती. तुम्ही रागाच्या भरात स्वतःच्या पोरीला शिवेपलीकडे फेकत होतात, आणि ज्या गावानं तुम्हाला एकटं पाडलं म्हणून तुम्ही जन्मभर चिडलात, त्या गावानं तिला धरून ठेवलं होतं. हे मला तुम्हाला समोर बसवून सांगायचं होतं. तुमचा चेहरा बघायचा होता. फार वाईट वाटतं आहे.

हे तुमच्याच ओसरीवर बसून लिहिते आहे. रजनीनं अंगण झाडून घेतलं. मघाशी देवाजीच्या घरून कुंपणावरून लाखोळीच्या घुगऱ्यांची वाटी आली. खाऊन झाल्यावर ती वाटी धुऊन रजनी मला विचारायला आली की रिकामी कशी परत द्यायची, घरात तर काहीच नाही. मी म्हटलं, नाल्यापलीकडे सात्या निघाल्या असतील. ती वाटी घेऊन गेली आहे. येईल इतक्यात.